भाची बॅरल रेसिंगवर पोट भरेन म्हणते, जमेल का?

तुमची भाची टेक्सासमध्ये कॉलेजात आहे, रोडिओतल्या (काउबॉयांच्या घोडे-बैलांच्या खेळांतल्या) बॅरल रेसिंगमध्येच करिअर करायचं म्हणते आणि तुम्ही विचारताय, यात पोट भरतं का. मी घोड्यावर बसत नाही. शिरवळला पशुवैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि आता इथे टेक्सासमधल्याच स्टीफनव्हिलजवळ घोड्यांच्या दवाखान्यात नोकरी करतो. बॅरल रेसर बायका रोज दारात असतात. त्यांची बक्षिसं सगळ्यांना दिसतात. बिलं मी बनवतो.

माझं मत असं: निव्वळ बक्षिसावर घर चालवणाऱ्या फार थोड्या. घोड्यांवर चालवणाऱ्या बऱ्याच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खेळ पंधरा-सतरा सेकंदांचा. मैदानात त्रिकोणात तीन पिंपं, पहिल्या दोघांत ९० फूट, तिसरं दोन्हींपासून १०५ फुटांवर. तिन्हींना वळसा घालून सुसाट बाहेर. पिंप पडलं की पाच सेकंदांचा दंड, म्हणजे त्या दिवशीची एन्ट्री फी बुडाली. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. व्यावसायिक पातळीवर विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशनचं कार्ड लागतं. ही संघटना १९४८ साली बायकांनीच उभी केली. ३० सप्टेंबरला हंगाम संपतो तेव्हा कमाईत पहिल्या पंधरा असतील त्या डिसेंबरमध्ये लास वेगासच्या नॅशनल फायनल्सला जातात. तिथे दहा फेऱ्या, आणि अलीकडे एक फेरी जिंकली तर ३० हजार डॉलरच्या वर. सोळावी घरी बसते.

आता खर्च. डिझेल, ट्रेलर, एन्ट्री फी, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. राज्याची हद्द ओलांडायची तर रक्ततपासणी आणि आरोग्य दाखला. त्यावर सही माझी. सांध्यांतली इंजेक्शनं वेगळी. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या आसपास तर रोडिओंची आणि बक्षिसांची रेलचेल असते, म्हणून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रात्रभर गाडी हाकतात. त्या दिवसांना इथे 'काउबॉय ख्रिसमस' म्हणतात, पण तो नाताळ कितीजणींना पावतो ते त्यांनाच विचारा.

आणि हे सगळं एका जनावराच्या चार पायांवर. माझ्याकडे येणाऱ्या एकीच्या घोडीच्या पायाचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) ऐन जूनमध्ये दुखावला आणि तिचा हंगाम तिथेच संपला. ती तरली ती दुसऱ्यांची शिंगरं तयार करून. महिन्याच्या महिन्याला पैसे त्यातूनच येतात: शिंगरं शिकवणं, तयार घोडा विकणं, शिबिरं घेणं, चांगल्या घोडीची पैदास. कोवळ्या घोड्यांच्या शर्यतींना फ्युचुरिटी म्हणतात, तिथे घोड्याचं नाव होतं आणि किंमत चढते. आपल्याकडे बैलगाड्याचा घाट मारला की बैलाचा भाव वाढतो, तसंच.

नावाजलेली बॅरल रेसर शार्मेन जेम्सचं उदाहरण घ्या. ११०० डॉलरला घेतलेल्या स्कॅम्पर नावाच्या घोड्यावर तिने १९८४ ते १९९३ सलग दहा जागतिक विजेतेपदं मिळवली. १९८५च्या फायनल्समध्ये त्याच्या तोंडातला लगाम सुटला, तरी ती फेरी जिंकली! पण स्कॅम्पर खच्ची केलेला होता, त्याची पैदास होणं शक्य नव्हतं. म्हणून पुढे त्याचा क्लोन करवला, क्लेटन, आणि तो वळू घोडा म्हणून ठेवला. एवढी बक्षिसं जिंकलेल्या बाईलाही पुढच्या पिढीचा विचार करावा लागला. आज ती शिबिरंही घेते.

छोट्या स्पर्धांत वेळेनुसार गट पाडतात. सर्वांत वेगवान धावेपेक्षा अर्धा सेकंद मागे असलात की दुसऱ्या गटात, त्यालाही बक्षीस. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी यावर पेट्रोलपाणी निघतं, कधी तेही नाही.

भाचीला एवढंच विचारा: आत्ता बसते तो घोडा आयता घेतलाय की स्वतः तयार केलाय? स्वतः केला असेल तर तिला एखाद्या चांगल्या ट्रेनरकडे दोन वर्षं राबू द्या, पगार कमी असला तरी. आयता घेतला असेल तर डिग्री आधी पुरी करायला सांगा.