चार वर्षांच्या मुलीचे (बाबा आफ्रिकन-अमेरिकन, आई मराठी) दाट कुरळे केस विंचरताना तुटतात. काय करावं?

सगळ्यात आधी कोरडे केस विंचरणं बंद करा. अशा केसाला इतकी वळणं असतात की टाळूचं नैसर्गिक तेल टोकापर्यंत पोहोचतच नाही. टोकं कोरडी राहतात आणि प्रत्येक वळणावर केस तुटू शकतो.

स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा, भरपूर कंडिशनर लावा, केसांचे चार-सहा भाग करून क्लिपा लावा. एका वेळी एकच भाग घ्यायचा. आधी बोटांनी गुंता सोडवा, मग मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकाकडून मुळाकडे. बट वरून मुठीत धरली की टाळूला ओढ बसत नाही, आणि रडारडही कमी होते.

आजीचं खोबरेल चालेल, पण ओल्या केसांवर. कोरड्या केसांना नुसतं तेल चोपडून ओलावा मिळत नाही. शाम्पू आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांनी पुरे.

खरी काळजी घट्ट वेण्यांची. आपल्याकडे वेणी घट्ट म्हणजे नीटनेटकी. इथे ते विसरा. कपाळ आणि कानांजवळचे केस सततच्या ताणाने विरळ होतात, आणि असंच वर्षानुवर्षं चाललं तर तिथे परत येतही नाहीत. वेणी घातल्यावर दुखलं किंवा मुळाशी पुटकुळ्या आल्या तर लगेच सोडा, पार्लरवाली काहीही म्हणो. जड मणी, साधे रबरबँड नकोत. झोपताना सॅटिनची टोपी घाला. ती काढून फेकत असेल तर सॅटिनचा अभ्रा. केस सरळ करायची रसायनं या वयात अजिबात नाहीत.