वाचकांचे प्रश्न : सायबेरियन मांजर घरी आणताना

प्रश्न : आमच्या अकरा वर्षांच्या मुलाला मांजरांची ॲलर्जी आहे, पण त्याला मांजर पाळायचेच आहे. सायबेरियन जातीच्या मांजरामुळे ॲलर्जी होत नाही, असे येथील एका ब्रीडरने खात्रीने सांगितले असून ते आगाऊ रक्कम मागत आहेत. घ्यावे का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ॲलर्जी मुळीच होणार नाही अशी मांजराची एकही जात नाही. त्यामुळे अशी खात्री देणाऱ्याच्या हाती पैसे ठेवण्यापूर्वी आपण थांबावे. बहुतेकांना त्रास होतो तो मांजराच्या केसांचा नव्हे, तर ‘फेल डी १’ नावाच्या प्रथिनाचा. हे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील तैलग्रंथींत तयार होते, मांजर अंग चाटते तेव्हा केसांवर वाळते आणि त्याचे सूक्ष्म कण हवेत, गाद्यांवर, कपड्यांवर पसरतात. मांजर घरातून गेल्यानंतरही ते कित्येक महिने टिकून राहतात. काही सायबेरियन मांजरांत या प्रथिनाचे प्रमाण कमी आढळते हे खरे आहे, परंतु एकाच जातीतल्या दोन मांजरांत, फार काय एकाच वेतातल्या दोन पिल्लांतही, ते पुष्कळ वेगळे असू शकते. म्हणून जातीचे नाव पाहून नव्हे, तर जे मांजर घरी येणार आहे ते पाहून निर्णय घ्यावा लागतो.

मुलाला दमा असेल तर आधी ॲलर्जीतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि त्यांनी नको म्हटले तर विषय तेथेच संपवावा. त्यांची हरकत नसेल तर मुलाला त्या ब्रीडरकडे एकाहून अधिक वेळा न्यावे, प्रत्येक वेळी तासाभराहून जास्त बसू द्यावे आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत नाक, डोळे, श्वास यांवर काय परिणाम होतो ते पाहावे. जेथे दहा मांजरे वावरतात त्या खोलीत बसून निवडलेल्या एका मांजराबद्दल काहीच कळत नाही, त्यामुळे ते वेगळ्या, स्वच्छ खोलीत दाखवण्याची विनंती करावी. आमचे मत विचाराल तर पिल्लापेक्षा नसबंदी झालेले प्रौढ मांजर आपल्यासाठी अधिक योग्य ठरेल. नसबंदी न झालेल्या बोक्यात हे प्रथिन जास्त असते आणि शस्त्रक्रियेनंतर ते घटते, शिवाय प्रौढ मांजराचा स्वभावही ठरलेला असतो. त्रास झाल्यास मांजर परत घेतले जाईल हे कलम करारात लेखी हवे. अलीकडे हे प्रथिन निष्प्रभ करणारे खाद्यही मिळते. ते बनवणाऱ्या कंपनीच्या अभ्यासात केसांवरील सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले, पण तो अभ्यास कंपनीचाच आहे आणि उरलेले ५३ टक्के घरातच राहतात, हे विसरू नये.

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाची सायबेरियन भाटी (मादी मांजर) आहे. नसबंदी करण्यापूर्वी तिला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, ते तिच्या प्रकृतीला चांगले असते, असे ओळखीचे लोक म्हणतात. मुलींनाही पिल्ले पाहायची आहेत. घरच्या घरी हे जमेल का?
— एक वाचक, हॅम्बुर्ग

उत्तर : एकदा विणे भाटीच्या प्रकृतीला हितकारक असते, या समजुतीला कोणताही आधार नाही. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. एक वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या मांजरींत स्तनाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ घटतो आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ संभवतच नाही. आपली भाटी दीड वर्षाची झाली असली तरी हा दुसरा लाभ तिला आजही मिळेल. मुलींच्या हौसेखातर पिल्ले हवी असतील तर आमचे उत्तर सरळ नकाराचे आहे.

तरीही आपण गांभीर्याने या वाटेने जाणार असाल, तर पहिले काम कागदपत्रे वाचण्याचे आहे. पाळीव म्हणून विकलेल्या पिल्लाच्या करारात नसबंदीची अट बहुधा असतेच आणि ती असेल तर प्रश्न तेथेच मिटतो. नसेल तर आरोग्याच्या चाचण्या येतात. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार या जातीत आढळतो. मेन कून आणि रॅगडॉल या जातींसाठी असलेल्या त्याच्या जनुकीय चाचण्या सायबेरियनला लागू पडत नाहीत, म्हणून हृदयरोगाच्या जाणकार पशुवैद्याकडून भाटी आणि बोका दोघांचीही इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावी लागते. ती एकदा निर्दोष आली म्हणजे कायमची सुटका झाली असे नाही, पैदाशीत असलेल्या मांजराची ती दर वर्षी करावी. मूत्रपिंडात गाठी होण्याचा विकार आणि लाल पेशींतील एका विकराच्या (एन्झाइमच्या) अभावाने होणारा पंडुरोग यांसाठी मात्र जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत. रक्तगट तपासणे बहुतेक हौशी पालक विसरतात. भाटीचा रक्तगट बी आणि बोक्याचा ए असेल तर ए गटाची पिल्ले आईचा चीक पिताच त्यांच्या रक्तपेशी नष्ट होऊ लागतात आणि धडधाकट जन्मलेले पिल्लू एक-दोन दिवसांत दगावते.

या जातीचा इतिहास येथे उपयोगी पडतो. सायबेरियन ही प्रयोगशाळेत किंवा एखाद्या प्रजननकेंद्रात घडवलेली जात नाही. रशियातील शेतांवर आणि शहरांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या लांब केसांच्या मांजरांवरून तिचे मानक (जातीची ठरवून दिलेली लक्षणे) १९८०च्या दशकात लिहिले गेले आणि १९९० मध्ये पहिली मांजरे अमेरिकेत पोहोचली, तीही हिमालयन जातीच्या मांजरांच्या मोबदल्यात. (त्या जातीचा हिमालयाशी संबंध नाही, हे जाता जाता.) या जातीचा आनुवंशिक वारसा त्यामुळे अजून विविध आहे, तो टिकवायचा असेल तर जवळच्या नात्यातला, सोयीचा बोका निवडणे टाळावे लागते.

मांजरीत बीजविमोचन (अंडाशयातून बीज बाहेर पडणे) सहसा संयोगानंतरच होते, आणि गाभणकाळ साधारण ६३ ते ६७ दिवसांचा असतो. लसीकरण आणि जंतनाशन संयोगापूर्वीच उरकावे, कारण जिवंत विषाणूंची लस गाभण मांजरीला देत नाहीत. गाभण काळाच्या उत्तरार्धात तिला पिल्लांसाठीचे पौष्टिक खाद्य द्यावे, ते दूध तुटेपर्यंत चालू ठेवावे. विण्याच्या वेळी जोरदार कळा सुरू होऊन अर्ध्या तासात पिल्लू बाहेर आले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा. शस्त्रक्रियेने पिल्ले काढावी लागली तर मध्यरात्री दवाखाना कोठे उघडा आहे आणि किती खर्च येईल, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

पिल्लू जन्मतः सुमारे १०० ग्रॅमचे असते आणि ते रोज १० ते १५ ग्रॅमने वाढले पाहिजे. रोज ठरलेल्या वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहावे, कारण वजन थबकणे हे आजाराचे बहुधा पहिले चिन्ह असते. पहिल्या आठवड्यात त्यांना स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही, म्हणून जागा ३० अंशांच्या आसपास उबदार ठेवावी, पण आईला गरम झाले तर बाजूला सरकता येईल अशी सोय ठेवावी. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत पिल्लांना जे ओळखीचे होते त्याची भीती पुढे वाटत नाही. आपल्या मुलींची खरी मदत येथे होईल, कारण माणसांचे हात, व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज, प्रवासाची पेटी, कंगवा हे सारे याच काळात हळूहळू परिचयाचे करायचे असते. बारा आठवड्यांच्या आत पिल्लू नव्या घरी देऊ नये. त्या वेळेपर्यंत ते आईकडून आणि भावंडांकडून चावा आवरायला शिकलेले असते आणि त्याच्या लसींचे पहिले डोस झालेले असतात. एका वेतात चार-सहा पिल्ले होऊ शकतात. त्यांपैकी एखादे परत आले तर ते सांभाळण्याची आपली तयारी आहे का, याचे उत्तर संयोगापूर्वी हवे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. मांजराला दूध-भात, पनीर आणि वरण-भात यांवर वाढवले तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चालणार नाही. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे आवश्यक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि ते वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. त्याच्या कमतरतेने दृष्टी जाते व हृदय मोठे होऊन निकामी होते. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही, म्हणून दुधाने जुलाब होतात. घरात मांस शिजवायचे नसेल तर पूर्ण पोषण असल्याचे लेबलवर नमूद केलेले तयार मांजरखाद्य आणावे. तेही घरात नको असेल तर मांजर पाळू नये.

प्रश्न : पुण्यात एका दुकानात सायबेरियन पिल्लू मिळत आहे. येथील उन्हाळा त्याला झेपेल का? उन्हाळ्यात केस काढून टाकावेत का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : केस काढू नयेत. तिहेरी थरांची ही लव उन्हापासूनही त्वचेचे रक्षण करते आणि वसंतात आतला लोकरी थर बराचसा आपोआप गळतो. त्या दिवसांत रोज, एरवी आठवड्यातून दोनदा, लांब दातांच्या धातूच्या कंगव्याने विंचरावे. काखेत, कानांमागे आणि मागच्या पायांमध्ये गाठी प्रथम होतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पंखा किंवा कूलर चालू असलेली खोली, थंड फरशी आणि दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी ठेवावीत. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर दिसले तर त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. सदनिकेच्या गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी हवीच.

दुकानातील पिल्लाबद्दल मात्र आम्ही साशंक आहोत. लांब केस आणि गोल चेहरा पर्शियन संकरातही असतात आणि असे पिल्लू सायबेरियन म्हणून सहज खपते. खरी सायबेरियन प्रौढ व्हायला चार-पाच वर्षे घेते आणि पूर्ण वाढलेला बोका आठ किलोच्या पुढेही जातो, त्यामुळे पिल्लू पाहून जात ओळखणे जवळजवळ अशक्य असते. मान्यताप्राप्त संस्थेचे नोंदणीपत्र, आई-वडिलांची नावे आणि त्यांच्या इको तपासणीचे अहवाल मागावेत. ते नसतील तर आपण सायबेरियनची किंमत देऊन लांब केसांचे एक गोड, पण अनोळखी मांजर घेत आहात असे समजावे. त्याच्यासारखेच मांजर आपल्या परिसरातील प्राण्यांच्या निवाऱ्यात लसीकरणाच्या खर्चात मिळू शकेल.