पाळक हिशेब देत नसतील, तरी त्यांच्या अधीन राहावे का?
आपल्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) कापणीच्या सणाला आलेल्या ज्वारी-तुरीच्या पोत्यांचा लिलाव झाला, पण पाळकसाहेब हिशेब दाखवीत नाहीत आणि विचारले की "नम्र व्हा" म्हणतात, असा आपला प्रश्न आहे. बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे ५ वे वचन तरुणांना वडिलांच्या, म्हणजे मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांच्या, अधीन राहण्यास सांगते, हे खरे. मात्र त्याच अध्यायाचे ३ रे वचन वडिलांनी कळपावर, म्हणजे मंडळीवर, धनीपण गाजवू नये असे बजावते, आणि ते उपदेशात क्वचितच ऐकू येते. अधीनता म्हणजे मौन नव्हे. दाविदाने गुहेत, आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजावर हात टाकला नाही. पण बाहेर येऊन, जमिनीपर्यंत लवून, त्याला स्वामी म्हणत, शौलाच्या झग्याचा कापून घेतलेला काठ दाखवीत त्याचा अन्याय त्याच्या तोंडावर सांगितला (१ शमुवेल २४). म्हणून पारावर कुजबुज करण्याऐवजी आधी पाळकांना एकट्याने भेटावे, मग एकदोघांना सोबत न्यावे (मत्तय १८), आणि तरीही वही उघडली नाही, तर मंडळीच्या कमिटीपुढे लेखी अर्ज ठेवावा. "मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानावी" हे प्रेषितांचे (येशूच्या शिष्यांचे) उत्तर (प्रेषितांची कृत्ये ५:२९) उपदेशाला बंदी झाली तेव्हाचे आहे. पोत्यांच्या हिशेबासाठी तिथवर जाण्याची गरज नाही.