जहाजावर प्लवकांचा प्रयोग: साठ बाटल्यांच्या आराखड्याबद्दल

समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून, त्यात पोषकद्रव्यं मिसळून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे छोटे जीव, किती वाढतात ते पाहण्याचा तुमचा आराखडा नीट वाचला. तुमची पहिलीच क्रूझ (संशोधन सफर) आहे. कंट्रोल, नायट्रेट, फॉस्फेट, लोह आणि तिन्ही एकत्र अशा पाच ट्रीटमेंट (कंट्रोलमध्ये काहीच मिसळायचं नाही), प्रत्येकी तीन बाटल्या, 48 तासांत चार वेळा नमुने, दर वेळी वेगळ्या बाटल्या. म्हणजे दोन लिटरच्या साठ बाटल्या. त्या पुरतील का, असं तुम्ही विचारलंय. मला काळजी पाण्याची आणि माणसांची वाटते.

साठ बाटल्यांना 120 लिटर पाणी लागतं. समुद्रात हव्या त्या खोलीवर पाणी पकडणाऱ्या 10 लिटरच्या बारा निस्किन बाटल्यांची चौकट, म्हणजे रोझेट, एकदा वर आली की सगळं मिळून तेवढंच पाणी येतं, आणि त्यावर पोषकद्रव्यं, ऑक्सिजन, क्षारता मोजणाऱ्यांचाही हक्क असतो. पुन्हा रोझेट सोडेपर्यंत जहाज सरकलेलं असतं आणि प्लवक प्रवाहाबरोबर पुढे गेलेले असतात. दुसऱ्या खेपेचं पाणी पहिल्यासारखंच असेल असं धरून चालू नका.

लोह या वेळी सरळ काढून टाका. खुल्या समुद्रात विरघळलेलं लोह लिटरला एका नॅनोमोलहूनही कमी असतं आणि तुम्ही उभे असता लोखंडी जहाजावर. पोलादी वायर, गंज, डेकवरची धूळ यांतून कंट्रोलच्या बाटलीतही लोह शिरतं. 1980 च्या दशकात समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांच्या गटाने लोहाचा प्रश्न हाताळला तो काटेकोर स्वच्छ पद्धतीच्या जोरावर. ती सोय नसेल तर निघणाऱ्या आकड्याला अर्थ नाही.

कंट्रोल, नायट्रेट, आणि नायट्रेट अधिक फॉस्फेट, एवढंच ठेवा. प्रत्येकी चार बाटल्या आणि सुरुवातीच्या मोजणीसाठी वेगळ्या चार. सुरुवातीची मोजणी कधीही गाळू नका. मधले नमुने सोडून फक्त शेवटी मोजा. एकूण सोळा बाटल्या, 32 लिटर. ते चार निस्किनमध्ये बसतं आणि दोन माणसांना झेपतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पाणी निस्किनमधून तुमच्या बाटलीत जाईपर्यंतची वेळ. प्रयोग बहुतेकदा इथेच बिघडतो. पहाटे, उजाडायच्या आत पाणी घ्या, कारण अंधुक प्रकाशात राहणाऱ्या पेशींवर भर उन्हाचा झोत पडला तर प्रकाशसंश्लेषण मंदावतं आणि तो परिणाम ट्रीटमेंटचा वाटतो. नळी सिलिकॉनची घ्या. लॅटेक्स आणि काळं रबर प्लवकांना विषारी ठरू शकतं, निस्किनची झाकणं ओढून बंद करणारा आतला ताणपट्टासुद्धा, म्हणून तो कशाचा आहे ते आधीच विचारून ठेवा. बाटल्या 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेल्या असाव्यात. नळीचं टोक बाटलीच्या तळाशी टेकवा आणि पाणी खालून वर चढू द्या, बुडबुडे न होता. उंचावरून ओतलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलात तर याचं कारण कळेल: कवच नसलेले सिलिएट (वनस्पतिप्लवक खाणारे एकपेशीय जीव) फुटून त्यांचे नुसते अवशेष तरंगत असतात. म्हणजे खाणारे मेले, आणि वनस्पतिप्लवक विनाकारण वाढलेले दिसले.

हे खाणारे आराखड्यात कुठेच दिसले नाहीत, म्हणून सांगतो. 200 मायक्रॉनच्या जाळीतून पाणी गाळलंत तर मोठे कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले चिमुकले प्राणी) जातील, सिलिएट आणि इतर सूक्ष्म प्राणिप्लवक राहतीलच. शेवटी क्लोरोफिल, म्हणजे वनस्पतिप्लवकांचं हिरवं रंगद्रव्य, तेवढंच दिसलं तर वाढ झालीच नाही असं लिहू नका; वाढ झाली आणि तेवढीच खाल्ली गेली, असंही असू शकतं. 2009 च्या भारत-जर्मन लोहाफेक्स प्रयोगात दक्षिण महासागरात लोह टाकूनही फुलोरा मर्यादित राहिला: सिलिकेट कमी असल्याने सिलिकाचं कवच असलेले वनस्पतिप्लवक, म्हणजे डायटम, वाढले नाहीत आणि जे वाढलं त्यावर कोपेपॉडांनी ताव मारला. चरण्याचा वेग वेगळा काढायचा असेल तर लँड्री आणि हॅसेट यांची 1982 ची डायल्यूशन (पाणी विरळ करण्याची) पद्धत आहे, पण ती पुढच्या क्रूझला.

भरलेल्या बाटल्या ज्यात ठेवायच्या त्या डेकवरच्या टाकीतून पृष्ठभागाचं पाणी सतत वाहत राहायला हवं. ते ज्या तापमानाचं, त्याच तापमानाच्या थरातलं पाणी प्रयोगाला घ्या. खोल थरातले प्लवक तिथे शिजतील. प्रकाश कमी करायला जाळीचे पडदे लावा. बाटल्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर एकच ट्रीटमेंट कायम सावलीत राहते.

शेवटी क्लोरोफिल मोजण्यासाठी पाणी गाळताना पंपाची ओढ कमी ठेवा. जीएफएफ (काचतंतूंचा) फिल्टर 90 टक्के ॲसिटोनमध्ये, अंधारात, फ्रीझरमध्ये 24 तास. सिलिएट मोजायला नमुना टिकवण्यासाठी लुगॉल (आयोडीनचं द्रावण) वापरा, फॉर्मालिनमध्ये त्यांचं बरंच नुकसान होतं. फक्त आम्लयुक्त लुगॉलमध्ये कोकोलिथोफोर या वनस्पतिप्लवकांच्या चुन्याच्या चकत्या विरघळतात, म्हणून त्या हव्या असतील तर नमुना वेगळा राखा.

आणि जहाजावर चढल्याच्या दिवशीच ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांच्या कक्षात, जाऊन दोन गोष्टी बोलून घ्या: पाणी घेताना जहाजातून काहीही बाहेर सोडू नये, आणि टाकीचा पंप कधी बंद करायचा असेल तर आधी तुम्हाला कळवावं. दोन्ही गोष्टी टाकीवर ठळक लिहून चिकटवा. रात्रपाळीचा माणूस वेगळा असतो.