तिसरा हात नको, आधी डाग अडवा

जुन्या साइडबोर्डला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले तरी तपकिरी डाग वर येतायत, तिसरा देऊ का, असं विचारलंय तुम्ही. अजिबात नको! माझ्या खणांच्या कपाटाचं हुबेहूब हेच झालं होतं.

घासणं-पुसणं तुम्ही केलंच असणार, ते सोडून देतो. हा डाग मळाचा नाही. ओक, महोगनी अशा लाकडात टॅनिन नावाचं डाग पाडणारं नैसर्गिक द्रव्य असतं. वॉटर-बेस रंगातल्या पाण्यात ते विरघळतं आणि रंग वाळताना वर येऊन बसतं. म्हणजे हातावर हात चढवून फक्त डबा संपतो. रंगाच्या कंपनीच्या मदत-केंद्राला (नाव घेत नाही) एवढं तरी ठाऊक असावं की नाही? त्यांचं एकच पालुपद, "अजून एक हात द्या." मग फोटो पाठवा, मग डब्यावरचा बॅच नंबर कळवा, आणि शेवटी "पृष्ठभाग नीट साफ केलेला नसावा" म्हणून तक्रार बंद. फोन उचलणाऱ्या पोरांचा दोष नाही म्हणा, समोरचा कागद वाचत असतात बिचारी. पण डोकं फिरतं ते फिरतंच.

रंगाआधी लाख (शेलॅक) लावा. ती स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते, पाण्याचा संबंधच नाही, त्यामुळे टॅनिन खालीच कोंडलं जातं. खणांचा कुबट वासही बराच दबतो. मात्र मेण काढलेलीच लाख घ्या, नाहीतर वरचा रंग नीट धरत नाही. फक्त डागांपुरती लावू नका, सगळीकडे लावा. खिडक्या उघड्या ठेवा.

झिजलेला लुक हवा असेल तर पांढरा प्रायमर (रंगाखालचं अस्तर) टाळा, कडांना लाकडाऐवजी तोच दिसतो. कडा लाकडापर्यंत घासा, पारदर्शक लाख द्या, वाळल्यावर कडांवर मेणबत्ती घासा, मग रंग. मेणावरचा रंग खरखरीत कापडाने सुटून येतो. आणि कृपा करून दाराच्या मधोमध खरवडू नका. खरी झीज हात लागतो तिथे होते: मुठीभोवती, खणाच्या वरच्या कडेला. बाकी ठिकाणी ती नाटकी दिसते, निदान मला तरी.

मी सुतार नाही, अनुभवावरून सांगतोय. खाली आधीचा जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तपासून घेईपर्यंत कोरडा पॉलिशपेपर मारू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

खणाच्या आतल्या बाजूचा, रंग न लागलेल्या लाकडाचा फोटो टाकलात तर लाकडाबद्दल अंदाज देता येईल.