‘माझी प्रकृतीच वाताची, आता काय करणार?’

गेल्या दीड-दोन वर्षांत साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की समोरच्यानं श्वास घेतला की मला ते कळतं. ‘मॅडम, माझी प्रकृतीच तशी आहे.’

२०२४ च्या नोव्हेंबरात आयुष मंत्रालयानं ‘देश का प्रकृती परीक्षण’ अभियान सुरू केलं आणि वात, पित्त, कफ ही आयुर्वेदातल्या तीन दोषांची नावं पुन्हा घराघरांत आली. त्याच्या जोडीला इंटरनेटवर दहा-बारा प्रश्नांच्या झटपट चाचण्या आहेतच. मला याचा आनंद आहे. माझे आजोबा वैद्य होते, माणूस आत शिरताना त्याच्या चालीवरून ते निम्मं ओळखायचे. लोक स्वतःच्या शरीराकडे कुतूहलानं बघू लागले, तर वाईट काय? पण माझ्याकडे येणारी माणसं चाचणीचा निकाल शिक्षा सुनावल्यासारखा हातात धरून येतात. घाबरणारी म्हणते, मी वाताची. खेकसणारा म्हणतो, मी पित्ताचा. बारावीतल्या मुलाची आई म्हणते, कफाचा आहे, ढिम्म हलायचा नाही. आणि शेवटी सगळे त्याच म्हणीवर येतात, स्वभावाला औषध नाही.

ज्यांना ज्यांना हा प्रश्न पडला आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण तिला सुमेधा म्हणू.

वय ३७, बँकेत अधिकारी. तीन वर्षांपूर्वी बढती मिळाली आणि साताऱ्यातली शाखा सुटून कराडच्या अलीकडची, उंब्रजची आली. रोज एसटीनं जा-ये. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसायच्या आधीच तिनं फोन पुढं केला. चाचणीत लिहिलं होतं, वातप्रधान.

“झोप हलकी, हो. भूक कधी लागते कधी नाही, हो. हातपाय गार, हो. मन एका जागी राहत नाही, हो. सगळं जुळतंय मॅडम. म्हणजे ही धडधड, ही काळजी, हे आता असंच चालणार ना? मला फक्त याच्यासोबत जगायला शिकवा.”

‘फक्त’ या शब्दाशी मी अडखळले. सदतीस वर्षांची बाई स्वतःवर इतक्या लवकर पाणी सोडते?

दोन गोष्टी मी लगेच केल्या. धडधड आणि गळालेलं वजन आहे म्हटल्यावर आधी डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉईड ठीक निघालं, हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालं. (मनाचं दुखणं म्हणून शरीराची तपासणी राहून जाते, हे मी फार पाहिलं आहे. ती आधी.) दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या मनगटाकडे बघितलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

“बांगडीचं माप काय तुझं?” तोवर तिनंच मला अगं-तूगं करायला सांगितलं होतं.

“दोन-दहा. लग्नात चुडा भरताना कासारीण वैतागली होती, हात केवढा गं म्हणून. आता ढिल्या होतात, पण लहान माप चढतच नाही.”

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलं. चाचणीतल्या कुठल्याही ‘हो’पेक्षा ते मला मोलाचं वाटलं. वजन उतरतं-चढतं, हाडाचा सांगाडा उतरत नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात चरकानं वाताच्या माणसाचं जे वर्णन केलं आहे, कोरडा, हलका, चळवळ्या, घाईचा, सांधे-भुवया-हातपाय सतत हलणारा, त्यात ही रुंद हाडाची, दाट केसांची, एका जागी स्थिर बसून बोलणारी बाई बसत नव्हती. तिची लक्षणं वाताची होती. ती स्वतः मात्र तशी वाटत नव्हती.

“हे सगळे ‘हो’ कधीपासूनचे आहेत?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“दहावीत होतीस तेव्हा झोप अशीच होती?”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “आठवतच नाही मला, मी कशी होते.”

हे वाक्य तिनं सहज उच्चारलं, पण त्या रात्री ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढच्या भेटीला मी तिला आईला घेऊन यायला सांगितलं.

आई वाईजवळच्या गावातली, बोलायला मोकळी. मी चाचणीतला पहिलाच प्रश्न वाचला आणि त्या हसायलाच लागल्या.

“झोप हलकी? हिची? अहो, परीक्षेच्या दिवशी हिचे वडील तोंडावर पाणी मारून उठवायचे. एसटीत बसली की झोपली. पाठ व्हायला वेळ लागायचा हिला, बाकीची पोरं दोनदा वाचून मोकळी व्हायची. पण हिचं एकदा पाठ झालं की झालं, आजही विचारा. विहिरीत उतरली की बाहेर निघायची नाही, थंडी नाही, शिंक नाही. रागवायची नाही लवकर. रागावली तर मात्र चार दिवस अबोला.”

सुमेधा आईकडे असं बघत होती, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकते आहे.

मी तिला हळूच विचारलं, “तेव्हा स्वप्नं कसली पडायची?” सुश्रुत या दुसऱ्या प्राचीन वैद्यानं प्रकृती ओळखताना स्वप्नांचाही विचार केला आहे. वाताचा माणूस आकाशातून धावतो-उडतो, पित्ताच्या माणसाला आग, वीज, पळसाची फुलं दिसतात, कफाच्या माणसाला तळी, कमळं, हंस. मी त्यावर निदान करत नाही, पण या प्रश्नानं माणूस उघडतो.

“पाण्याची,” ती म्हणाली. “विहिरीत तरंगत असायची मी. आता एकच पडतं. गाडी सुटलेली असते आणि मी मागं पळत असते.”

तेव्हा मी तिला जे सांगितलं ते इथं जसंच्या तसं लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना तेच सांगावं लागतं. “ही चाचणी तू भरलेलीच नाहीस. तुझ्या तीन वर्षांच्या जागरणानं भरली आहे.”

आपल्या भाषेनंच इथं एक घोटाळा करून ठेवला आहे. आपण कुणी भेटलं की विचारतो, प्रकृती कशी आहे? प्रकृती बिघडली, प्रकृती सुधारली असंही म्हणतो. मराठीत प्रकृती म्हणजे आजची तब्येत. आयुर्वेदात मात्र प्रकृती म्हणजे गर्भापासून मिळालेली मूळ घडण, ती आठवड्याला बदलत नाही. आज जे बिघडलं आहे त्याला तिथं वेगळा शब्द आहे, विकृती. चरकाच्या ग्रंथातल्या विमानस्थान या भागात रोग्याला दहा अंगांनी तपासायला सांगितलं आहे. त्यात पहिली प्रकृती आणि लगेच दुसरी विकृती. दोन्ही वेगवेगळ्या बघायच्या, म्हणून तर दोन नावं. दहा प्रश्नांच्या चाचणीत आपण दुसरीची उत्तरं देतो आणि पहिलीचा निकाल घेऊन घरी जातो.

म्हणून सांगते, प्रकृती ओळखायची असेल तर गेल्या सहा महिन्यांबद्दल बोलू नका. लहानपणीचे आणि विशीतले फोटो काढा. हाडापेराची ठेवण, केस, त्वचा, ऊन सोसतं की थंडी, जेवण लांबलं तर पोटात आग पडते की कळतही नाही, हे बघा. नवी गोष्ट चटकन समजून चटकन विसरता, की उशिरा समजून कायमची राहते? राग येतो कसा आणि जातो कसा? ही उत्तरं आई, मावशी, जुनी मैत्रीण यांच्याकडून घ्या, कारण आपण स्वतःला आजच्या चष्म्यातून बघतो. झोप, पोट, काळजी, वजन ही उत्तरं वेगळ्या पानावर लिहा आणि शेजारी लिहा, कधीपासून. बहुतेक माणसांत दोन दोषांचं मिश्रण असतं, एकाच नावासाठी हट्ट धरू नका. आणि शेवटचा शब्द नाडी बघणाऱ्या, समोर बसवून विचारपूस करणाऱ्या वैद्याचा. सुमेधाला मी पाठवलं, तेव्हा वैद्यांनी कफ-पित्त सांगितलं, आणि वर वात वाढला आहे म्हणाले.

तो वाढला का, हे मात्र माझ्या खोलीत उलगडलं. जेवण कधी दोनला, कधी चारला. रात्री साडेअकरापर्यंत लॅपटॉप. रोजचा प्रवास. शाखेत गर्दी असली की लघवीला जायचं नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. माझे आजोबा असते तर इथंच कपाळावर हात मारला असता. चरकाच्या सूत्रस्थानात एक अख्खा अध्याय आहे, शरीराचे कुठले वेग, म्हणजे आपोआप येणाऱ्या गरजा, अडवू नयेत यावर. असे तेरा वेग. मी ते तिला वाचून दाखवत होते. लघवी, शिंक, जांभई, भूक, तहान… एवढ्यात आई मध्येच म्हणाल्या,

“वडील गेले तेव्हासुद्धा ही रडली नाही. चौदाव्या दिवशी बँकेत हजर. सगळे पाहुणे म्हणाले, केवढी खंबीर पोरगी.”

कुणी काही बोललं नाही. मी यादीतला पुढचा शब्द वाचला. अश्रू.

तो त्या यादीत आहेच, मला मुद्दाम घालावा लागला नाही. त्याच अध्यायात पुढं मनाचे अडवायचे वेग सांगितले आहेत, लोभ, भय, क्रोध, आणि त्यात शोकही आहे. हा अध्याय मी अनेकदा वाचला होता, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा कळला. शोकाच्या हाती घर द्यायचं नाही, पण अश्रूंना दार बंद करायचं नाही. सुमेधानं नेमकं उलटं केलं होतं. डोळे कोरडे ठेवले आणि शोक दुसऱ्या वाटेनं आत येऊन धडधड होऊन बसला.

ती त्या दिवशी रडली नाही. पुढच्याही भेटीत नाही. त्यानंतरच्या वेळी विहिरीबद्दल बोलत होती, पाठीला वाळलेला भोपळा बांधून वडिलांनी पोहायला कसं शिकवलं ते, आणि ‘भोपळा’ या शब्दावर थांबली. पाऊण तास. मी पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि गप्प राहिले. गप्प कधी राहायचं, हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नाही. बावीस वर्षांत ते हळूहळू जमलं, आणि आता जमतं असं म्हणायला मी संकोचत नाही.

पुढचं काम साधं, पण नेटानं करायचं होतं. दीड वाजता जेवायचंच, गर्दी असली तरी. पाणी प्यायचं आणि उठायचंही. रविवारी कोमट तिळाचं तेल आईकडून चोळून घ्यायचं. तेलापेक्षा आईच्या हातानं काम केलं असं मला वाटतं. साडेनऊनंतर लॅपटॉप बंद, आणि वरिष्ठांना ते स्पष्ट सांगायचं. या शेवटच्या गोष्टीला तीन भेटी लागल्या. ‘नाही म्हटलं तर मी कमी पडते’ हा विचार तिच्या हाडामांसात भिनला होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या शिकवणीतली मी आहे. वागणं चुकतं तेव्हा वागण्याबद्दल बोला, माणसावर शिक्का मारू नका, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. ‘मी वाताची’ म्हणणं आणि ‘मी कमी पडते’ म्हणणं, दोन्ही शिक्केच.

आता कुणी विचारेल, खरोखरच वाताची प्रकृती असेल तर? तर घाबरण्यासारखं काय आहे? सुश्रुत म्हणतो, विषात जन्मलेला किडा त्या विषानं मरत नाही, तशी प्रकृती तिच्या माणसाला बाधत नाही. खरा वाताचा एक तरुण माझ्याकडे येत असे. जे वाचेल ते तत्काळ समजायचं, दहा गोष्टी एकदम सुचायच्या, बोलायला लागला की ऐकत राहावं. त्याला मी शांत करायला गेलेच नाही, फक्त जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा बांधायला लावल्या.

आणि ‘पित्त आहे, चिडणारच’ म्हणणाऱ्या नवरोबांना मी तो वेगांचा अध्याय दाखवते. पित्त खवळणं समजू शकते. पण क्रोध अडवायच्या यादीत आहे, आणि त्या यादीत पित्ताच्या माणसाला सूट दिलेली नाही. स्वभावाला औषध नाही या म्हणीलाही वाग्भट या जुन्या आयुर्वेदाचार्याचं उत्तर आहे, ‘धीधैर्यात्मादिविज्ञानं मनोदोषौषधं परम्’. बुद्धी, धैर्य आणि स्वतःची नीट ओळख, हेच मनाच्या दोषांवरचं श्रेष्ठ औषध. त्यानं औषध हाच शब्द वापरला आहे.

सुमेधाचं येणं हळूहळू महिन्यावर गेलं, मग थांबलं. श्रावणात एका सकाळी साडेदहाला तिचा फोन आला. मागं स्टँडवरचा कर्णा ऐकू येत होता.

“ताई, कुठून बोलतेय सांगा. कराडहून! उंब्रज कधी गेलं कळलंच नाही. कंडक्टरनं हलवून उठवलं मला.”

बँकेत कळवलंस का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, कळवते, आधी आईला सांगते.