४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का?

आपण विचारले आहे की ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला लहान मूळ संख्यांनी भाग जात नाही, तेव्हा ती मूळ मानावी का, आणि तिच्यात विशेष असे काय आहे. ती मूळ नाही. ६४१ आणि ६७,००,४१७ या दोन मूळ संख्यांचा तो गुणाकार आहे, आणि ६४१ च्या आत तिला एकही मूळ विभाजक नसल्यामुळे आपला समज होणे स्वाभाविक आहे.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. याच धर्तीवर २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा आणि १६ वा घात घेऊन त्यांत १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात, आणि त्या पाचही मूळ आहेत. त्यावरून फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये अशा सर्वच संख्या मूळ असाव्यात असे मत मांडले. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी ६४१ हा विभाजक दाखवून ते खोडून काढले. या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरते, हेही त्यांनी पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने तपासल्यास १९३, २५७, ४४९ आणि ५७७ यांच्यानंतर पाचवीच ६४१ येते.

मला सर्वांत सुंदर वाटते ती भागाकार न करता दिलेली सिद्धता. ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास येणाऱ्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, म्हणून ती संख्या ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, उणे १ अशी लिहिता येते. दुसरीकडे, ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६, अर्थात ५ आणि २ यांच्या चौथ्या घातांची बेरीज. तिला २ च्या २८ व्या घाताने गुणल्यास ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, अधिक २ चा ३२ वा घात मिळतो, आणि यालाही ६४१ ने भाग जाणारच. या दुसऱ्या संख्येतून पहिली वजा करा: उरतो तो २ चा ३२ वा घात अधिक १.

तिचे संयुक्त असणे वर्गांमधूनही दिसते. ती ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांचीही. मूळ संख्या मात्र दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात फार तर एकाच प्रकारे मांडता येते.

एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ संख्या ओळखण्यासाठी वापरली जाणारी एक कसोटी फर्मा यांच्याच प्रमेयावर उभी आहे: २ किंवा ३ सारखा छोटा पाया घेऊन, तपासायच्या संख्येतून १ वजा करून येणारा त्याचा घात काढतात आणि त्याला त्या संख्येने भागतात; संख्या मूळ असेल तर बाकी १ उरते. पण ही कसोटी पाया २ घेऊन लावली तर ही संख्या उत्तीर्ण होते आणि मूळ असल्याचा भास निर्माण करते. पाया ३ घेतला की बाकी १ येत नाही आणि ती संयुक्त असल्याचे उघड होते.